वाफसा नसताना जुनापाणीच्या माळावर

वाचकहो, वाफसा आल्याशिवाय काळ्या रानात पाऊल टाकू नका, असे मी पंचवीस-तीस वर्षे गावोगाव सांगत आलो. ओल्या रानात औत घातले की ढेकळे होतात, जमीन दडपते आणि माणसाचे हाल होतात ते वेगळेच. हे सगळे ठाऊक असूनही गेल्या भाद्रपदात मी स्वतःच गुडघाभर चिखलात उतरलो. पोळा होऊन आठवडा झाला होता, घरी गणपती बसले होते. "सणासुदीचे कुठे निघालात?" म्हणून घरातून विचारणा झाली. नागपूरला काम आहे, एवढेच सांगितले. काम होते ते दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांच्या दगडांशी, हे तेव्हा सांगायचा धीर झाला नाही.

त्याचे कारण एक जुनी डायरी. नाशिक रोडच्या घरात कपाट आवरताना १९९९ सालची दौऱ्याची डायरी हाती लागली. तेव्हा मी नोकरीत नवा होतो आणि नागपूर जिल्ह्यात होतो. मे महिन्याच्या एका पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते, 'शेतातील दगडांचा अडथळा दूर. लागवडीखालील क्षेत्रात वाढ दीड गुंठा.' खाली सही. त्या दीड गुंठ्याची गोष्ट पुढे सांगतो. आधी जुनापाणीला जाऊ.

विदर्भ एक्स्प्रेस रात्री नाशिक रोडला येते आणि सकाळी नागपुरात उतरवते. डोळा लागला तेव्हा बाहेर आपली द्राक्षांची आणि कांद्याची मुरमाड रानं होती. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि ओली काळी माती, नजर जाईल तिथपर्यंत. एका रात्रीत माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात यावा तसे वाटते.

जुनापाणी नागपूरच्या वायव्येस, काटोल रस्त्याला, दहा-बारा किलोमीटरवर आहे. शहर आता त्या बाजूला पसरत चालले आहे. रस्ता सोडून आत वळलो आणि पाचशे पावलांत माझ्या बुटांनी हार मानली. आपल्याकडच्या भारी जमिनीत चाललेल्यांना हे नवे नाही. काळ्या मातीत जी बारीक चिकणमाती असते, ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. फुगलेली असताना ती पायाला धरते ती सोडत नाही. प्रत्येक पावलागणिक तळव्याखाली एक थर चढतो, दहा पावलांत पायात पायताणाऐवजी दोन-दोन किलोची ढेकळे बांधल्यासारखे होते. काठीने खरवडायचे, पुन्हा चालायचे. शेवटी बूट काढून हातात घेतले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. माझे वय पाहता हे शोभणारे नव्हते, पण तिथे पाहायला होते कोण?

होते की. धुऱ्यापलीकडे चार-पाच बाया निंदण करीत होत्या. त्यातली एक उभी राहून म्हणाली, "कोठी जाऊन राहिले जी, एवढ्या चिखलात?"

"ते दगडांचे गोल आहेत ना, ते पाहायला."

"ते गोटे पाहाले?" ती बाकीच्यांकडे वळून हसली. "आमी त लहानपनापासून पाहून राहिलो. आमाले नाई दिसलं काई त्यात." पण हात लांब करून वाट मात्र नीट दाखवली. तरोट्यातून जाऊ नका, पाय घसरते, नाल्याच्या काठाकाठाने जा, हेही सांगितले. तरोटा म्हणजे आपला टाकळा. तो पुरुषभर वाढला होता आणि त्यात खाली काय आहे ते दिसत नव्हते. साप-किरडूची भीती होतीच. काठी आपटत, नाल्याच्या कडेने, दोनदा बसकण मारून, मी माळावर चढलो. तिथे मुरूम लागला. पायाखाली काहीतरी घट्ट आले याचा जो आनंद झाला तो सांगून कळायचा नाही.

आणि तिथेच पहिले वर्तुळ होते.

पहिल्या नजरेला विशेष काही दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. लेणी पाहायला जातो तसे डोळे दिपत नाहीत. काळ्या दगडाचे मोठमोठे धोंडे, कोणी गुडघ्याएवढा, कोणी कमरेएवढा, एकाला एक लागून गोलात मांडलेले. मधली जागा जराशी उंचावलेली, लहान गोट्यांनी भरलेली, वर गवत आणि घाणेरीची झुडपे. मी पावलांनी एका वर्तुळाचा व्यास मोजला तो पंधराच्या आसपास भरला. मग मान वर केली तर पुढे दुसरे, त्याच्या डावीकडे तिसरे, झाडोऱ्यात अर्धे बुडालेले चौथे. तेव्हा मात्र अंगावर काटा आला. खळ्यावर खळी मांडावीत तसा तो सगळा माळ भरलेला होता. जुनापाणीच्या परिसरात अशी सुमारे ३०० वर्तुळे नोंदलेली आहेत. भारतीय पुरातत्त्व खात्याने हे ठिकाण संरक्षित केले आहे.

ही कोणाची खळी नव्हेत, दफने आहेत. अभ्यासक यांना शिलावर्तुळे म्हणतात आणि ज्या लोकांनी ती मांडली त्यांच्या काळाला महापाषाणीय काळ. विदर्भात हा काळ साधारण इसवी सनापूर्वी १००० ते ३०० असा धरतात. म्हणजे सम्राट अशोकाच्याही आधीचा. लोखंड वापरात आले तो हा काळ. मेलेल्या माणसाची हाडे, बहुधा सगळा सांगाडा नव्हे तर त्यातली काही, ठेवायची. शेजारी काळी-तांबडी मडकी, लोखंडी हत्यारे ठेवायची. वर काळी चिकणमाती, मुरूम, गोटे यांची भर घालायची आणि भोवती धोंड्यांचे कडे. ही चिकणमाती मुद्दाम आणून घातलेली असते, असे खोदणाऱ्यांना दिसून आले आहे. ज्या मातीने माझी अशी अवस्था केली होती, तीच माती पाट्या भरभरून माळावर वाहून आणायची! डोक्यावरून आणली असेल की गाढवांवरून, कोण जाणे. एका धोंड्यावर बसून पायाचा चिखल खरवडताना मी तेच मनात मोजत होतो, की एका वर्तुळाला किती माणसांचे किती दिवस लागले असतील. शेततळ्याचे अंदाजपत्रक करण्याची सवय जात नाही.

नीट पाहिले तर काही धोंड्यांवर वाटीएवढे, कधी बेट्याएवढे खळगे कोरलेले दिसतात, ओळीने. पावसाचे पाणी त्यात साठले होते म्हणून मला ते चटकन दिसले. उन्हाळ्यात आलो असतो तर नजरेतून सुटले असते. हे कशासाठी असतील? सूर्याच्या उगवतीशी किंवा ऋतूंशी त्यांचा संबंध असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. शेती करणाऱ्या माणसाला उगवतीचा सूर्य कुठे सरकला यावरून पेरणीचा अंदाज लागतो, त्यामुळे मला तो तर्क अगदीच अशक्य वाटत नाही. पण तो तर्कच आहे.

या दगडांवर पहिल्यांदा लिहिणाऱ्यांपैकी एक माणूस आमच्याच धंद्यातला निघाला, ही गोष्ट मला फार आवडली. त्याचे नाव रिव्हेट-कार्नॅक. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा तो कापूस आयुक्त होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद पडला तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांचे डोळे आपल्या वऱ्हाडी कापसाकडे लागले होते, त्याच सुमाराची ही नेमणूक. कापसाची पाहणी करीत हिंडताना त्याला ही वर्तुळे भेटली. त्याने जुनापाणीला उकरून पाहिले आणि त्यावरचा त्याचा लेख १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. दगडांवरचे खळगे पाहून त्याला आपल्या मायदेशाची आठवण झाली, कारण ब्रिटनमध्येही असे खळगे कोरलेले प्राचीन दगड आहेत.

तिकडे वेल्स नावाच्या प्रांतात तर डोंगरमाथ्यांवर मृतांवर रचलेले दगडांचे ढीग आहेत, आपल्या वर्तुळांहून जुने, काही चार हजार वर्षांचे. तिथे पोचायलाही चिखल तुडवावा लागतो, पण तो चिखल निराळा. थंडी आणि बारमाही ओल यामुळे तिथले गवत-शेवाळ मेल्यावर कुजतच नाही, थरावर थर साचून स्पंजासारखी दलदल होते. त्याला पीट म्हणतात. रोपवाटिकेत ट्रेमध्ये आपण नारळाच्या काथ्याचा जो भुसा भरतो त्याला कोकोपीट हे नाव त्यावरूनच पडले. आमच्याकडे उलटी गत. इथे उन्हाने सेंद्रिय कर्ब टिकत नाही म्हणून आम्ही शेणखत घाला, शेणखत घाला म्हणून ओरडतो, आणि तिकडे तो हजारो वर्षे जिरतच नाही. एवढे दोन टोकांचे देश, पण आपला माणूस गेला की त्याच्यावर दगड रचावेत हे दोन्हीकडच्या माणसांना सुचले.

पुढे १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्याचे बा. कृ. थापर यांनी जुनापाणीला शास्त्रशुद्ध उत्खनन केले. नंतर नागपूर विद्यापीठातून डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि १९७० ते ७२ मध्ये माहूरझरी येथे खोदकाम केले. आम्हा नाशिककरांना देवांचे नाव परके नसावे. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर नाशिकच्या गोदाकाठची मातीची गढी आणि संगमनेर तालुक्यातले जोर्वे खोदणारे हेच देव. गोदा-भीमेच्या खोऱ्यात त्याहून आधीच्या काळात लोक मृताला घराच्याच जमिनीखाली पुरत. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला लहान मुलांची हाडे दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराखाली ठेवलेली सापडली. आपल्याकडे लेकरू उंबऱ्याआत ठेवायचे आणि विदर्भात माळावर दगडांच्या कड्यात. प्रत्येकाची आपली रीत.

या वर्तुळांत सापडलेल्या वस्तूंची यादी तुम्ही ऐकाल तर ती एखाद्या कास्तकाराच्या ओसरीवरची वाटेल. कुऱ्हाडी, कुदळी, छिन्न्या, कड्या. कुऱ्हाडीचे पाते दांड्याला आडव्या लोखंडी पट्टीने जखडलेले. खंजीर आहेत आणि घोड्याचे लगामही आहेत. माहूरझरीला तर घोडेही पुरलेले मिळाले, डोक्या-तोंडावर तांब्याच्या दागिन्यांसकट. पोळ्याला आपण बैलांना बाशिंग बांधतो, तसेच म्हणा ना. पारशिवनी तालुक्यात नायकुंड येथे १९७८ ते ८० च्या उत्खननात लोखंड गाळण्याची लहानशी भट्टीच सापडली, मातीच्या विटांची, भात्याच्या नळीसकट. म्हणजे कुदळ बाहेरून विकत आणलेली नव्हती, इथेच गाळलेली, इथेच ठोकलेली. विदर्भातल्या त्यांच्या वस्त्यांमधून जळालेले धान्यही मिळाले आहे, त्यात भात आहे, जव आहे, वाटाणा आणि मसूर आहे. वाटाणा-मसूर म्हणजे रब्बी. काळ्या रानात पावसाची ओल धरून हिवाळ्यात कडधान्य घ्यायचे हे त्या लोकांना माहीत होते. मी तेच ज्ञान परीक्षेत लिहून बी.एस्सी. झालो.

आता ती दीड गुंठ्याची गोष्ट.

गावाचे नाव सांगत नाही, त्या घराचेही नाही. शेतकरी माझ्याच वयाचा होता, हौशी होता. सहा एकराच्या तुकड्यात मधोमध असेच एक कडे होते. औत त्याला वळसा घालून जाई, आत कोणी पेरत नसे. मी फीत लावली, १४ मीटर व्यास. कागदावर गणित मांडले, दीड गुंठा जमीन पडीक, शिवाय वळसा घालण्यात वेळ जातो तो वेगळा. हे धोंडे काढा आणि खालच्या बांधाच्या सांडव्याला वापरा, दोन्ही कामे होतील, असे मी सुचवले. सल्ला चुकीचा होता असे कोणत्याही पुस्तकाने म्हटले नसते.

त्याची म्हातारी आई धुऱ्यावर येऊन बसली होती. ती म्हणाली, "त्याले हात लावू नोका बाप्पा. कोनाचं तरी आहे ते." दरवर्षी आखाजीला ती घरच्या पितरांना घागर भरल्यावर एक तांब्या पाणी त्या दगडांवर नेऊन घाली. कोणाचे आहे म्हणून मी विचारले तर म्हणाली, "मले का माईत? माह्या सासूनं सांगतलं होतं." मी तिला अंधश्रद्धा वगैरे काही म्हणालो नाही, पण हसलो. ते हसू तिला दिसले.

बैलांना धोंडे हलेनात. शेवटी ट्रॅक्टरला साखळी बांधली. दोन दिवस लागले. खाली काळ्या-तांबड्या खापऱ्या निघाल्या, गंजून फुगलेला लोखंडाचा एक चपटा तुकडा निघाला. पोरांनी तो दिवसभर खेळवला, मग कुठे गेला कोण जाणे. मी त्या खापऱ्या पाहिल्या आणि जुन्या काळी इथे वस्ती असेल, एवढा विचार करून मोटारसायकलला किक मारली. डायरीत नोंद केली. पुढे बदली झाली.

जुनापाणी पाहून दुसऱ्या दिवशी मी त्या गावी गेलो. शेतकरी आता थकला आहे, शेती मुलगा पाहतो. म्हातारी जाऊन बरीच वर्षे झाली. मुलाने मला ओळखले नाही, बापाने ओळखले. चहा झाल्यावर तिघेही वावरात गेलो. पऱ्हाटी चांगली होती, मांडीएवढी, पात्या-फुलांवर आलेली. मधोमध मात्र एक गोल पट्टा खुजा आणि पिवळट, जणू कोणी परकाराने आखला आहे. आषाढात पंधरा दिवस पावसाने ओढ दिली तेव्हा तिथली झाडे खुंटली ती खुंटलीच. मुलगा म्हणाला, दरवर्षी असेच होते. युरिया टाकून पाहिला, सूक्ष्म अन्नद्रव्ये टाकली, दोनदा माती तपासली.

मी काठीने उकरले. वीतभर मातीखाली मुरूम आणि गोटे. जुन्या लोकांनी घातलेली भर. तिथे ओल धरणार कशी? धोंडे मी वरवरचे काढले होते, खालची रचना तशीच होती, आणि तिने पंचवीस वर्षे दरसाल तो दीड गुंठा परत मागून घेतला होता. परदेशात विमानातून पिकातले असे पट्टे पाहून जमिनीत गाडलेल्या जुन्या बांधकामांचा माग काढतात. मला तो धुऱ्यावर उभे राहूनच दिसत होता.

"मंग आता इलाज काय जी?" मुलाने विचारले. मी त्याला खरे ते सांगितले. बापाने खाली मान घातली. मुलगा जरा वेळाने म्हणाला, "सांडव्यातले गोटे काढून परत मांडू का?"

मी नको म्हणालो. मांडलेले दगड आणि मांडून ठेवलेले दगड यात फरक असतो. कोणता धोंडा कुठे होता हे आता कोणाला सांगता येणार नाही. पण खाली जे शाबूत आहे ते शाबूत राहू दे, तिथे खोल नांगर घालू नको, जेसीबी तर मुळीच नको, एवढे बोललो. त्या गट नंबरची आणि जागेची माहिती मी पुरातत्त्व खात्याकडे लेखी पाठवली आहे, १९९९ साली काय केले तेही त्यात लिहिले आहे.

वाचकहो, तुमच्याही रानात विहीर खोदताना, सपाटीकरण करताना खापऱ्या निघत असतील, मडके निघत असेल, मणी निघत असतील. तेव्हा काम तिथल्या तिथे थांबवा, वस्तू जागची हलवू नका, मोबाइलवर फोटो घ्या आणि तलाठी किंवा तहसीलदारांना कळवा. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली चीजवस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शेत जाईल ही भीती लोकांच्या मनात असते आणि मी ती उडवून लावणार नाही. खापऱ्या सापडल्या म्हणून शेत सरकारजमा होत नाही. एखादी जागा केंद्राच्या संरक्षणाखाली घ्यायची तर आधी अधिसूचना काढून दोन महिन्यांत हरकती मागवाव्या लागतात. पण एकदा ती संरक्षित झाली की १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई येते आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते, हेही खरे. विचार करून पण लपवाछपवी न करता वागावे, एवढेच मी सांगू शकतो. कारण मी दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे.

निघताना खालच्या बांधावर गेलो. सांडवा अजून भक्कम आहे, पंचवीस पावसाळ्यांत एक धोंडा हललेला नाही. काम उत्तम झाले होते, यात वाद नाही. पाणी त्या दगडांवरून उड्या मारीत नाल्यात जात होते. कडेच्या एका धोंड्यावर मला तीन खळगे दिसले, ओळीने, अर्धे शेवाळाखाली. त्या वेळी ते मला दिसले नव्हते, की दिसूनही वाचता आले नव्हते, आठवत नाही. मुलाला दाखवले. तो वाकला, बोटाने शेवाळ काढले आणि तिन्ही खळगे पाण्याने धुतले.

"आजी यायच्यातच पानी टाके," तो म्हणाला. "मी लहान होतो. गोटे हिकडं आनल्यावरबी ती आखाजीले हिकडंच येत होती."